पुलाखालचं कुटुंब निवाऱ्यातून तिसऱ्या दिवशी परत का आलं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. दादरजवळ तुमच्या सोसायटीसमोरच्या पुलाखाली सहा वर्षांपासून एक कुटुंब राहतं. नवरा-बायको, तीन मुलं आणि म्हातारी सासू. गजरे ओवायचे आणि सिग्नलला विकायचे, हा धंदा. मोठी मुलगी दहा वर्षांची, शाळेत जात नाही. जुलैच्या पावसात तुम्हाला बघवेना, म्हणून तुम्ही टॅक्सी करून सगळ्यांना बेघरांच्या निवारा केंद्रात सोडून आलात. तिसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा पुलाखाली. सोसायटीच्या ग्रुपवर लोक म्हणाले, "यांना घर नकोच असतं, सवय झालेली असते." तुम्ही विचारलंय की हे खरं आहे का, आणि आता मी काय करू?

खरं नाही. पण तेवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही, कारण ते परत आलेले तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत. मुंबईत फुटपाथवरच्या कुटुंबांबरोबर मी २२ वर्षं काम करते आहे. निवाऱ्यातून परत आलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत की आता कुणी परत आलं तर आधी विचारते, "तिथे काय नव्हतं?" दर वेळी उत्तर मिळतं आणि ते अगदी साधं असतं.

"बेघर" हा एक शब्द आहे, पण त्याखाली फार वेगवेगळी माणसं येतात, हे आधी सांगायला हवं. गावाकडून एकटा आलेला, नाक्यावर उभं राहून काम धरणारा मजूर वेगळा. मुलाने घराबाहेर काढलेली म्हातारी वेगळी. मन ठिकाणावर नसलेला, वर्षानुवर्षं न्हालेला नसलेला माणूस वेगळा. घरातून पळून आलेलं पोर वेगळं. आणि तुमच्यासमोर आहे तसं चूल, कामधंदा, नातीगोती असलेलं अख्खं कुटुंब वेगळं. एकट्या मजुराला निवारा चांगला उपयोगी पडतो. त्याला रात्री पाठ टेकायला कोरडी जागा, संडास-मोरी आणि पैसे चोरीला जाणार नाहीत एवढी खात्री हवी असते. कुटुंबाचं तसं नसतं.

निवाऱ्यात पोचल्यावर काय होतं ते बघा. नियमांत कुटुंबांसाठी वेगळ्या निवाऱ्याची तरतूद आहे, पण प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा, मुलांचा वेगळा असाच हिशेब असतो. सुरुवातीच्या काळात मी एका बाईला तिच्या चार मुलांसह निवाऱ्यात नेलं होतं. दारातच कळलं की तेरा वर्षांच्या मुलाला बायकांच्या विभागात घेता येणार नाही. नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलगा तिसरीकडे, ती आणि लहानगी इथे. रात्रभर ती बसून होती. तिसऱ्या दिवशी तिने गाठोडं उचललं. मला म्हणाली, "ताई, रस्त्यावर पाऊस लागतो, पण माणसं एका जागी असतात." मी तिच्यावर चिडले होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

निवारे मुळात पुरेसेही नाहीत. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे १०० माणसांचा, चोवीस तास उघडा असलेला एक निवारा हवा. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात तेच प्रमाण आलं, माणशी ५० चौरस फूट जागेसह. मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी २४ लाख होती. म्हणजे १२४ निवारे लागतात. तेवढे आजवर कधीच झाले नाहीत. जे आहेत त्यांतला एक त्या गजरेवाल्यांच्या कामाच्या जागेपासून चालत जाण्याइतका जवळ असेल, हा योग फार क्वचित येतो.

आणि कामाची जागा हाच यातला मुख्य धागा आहे. गजरे करणाऱ्यांचा दिवस दादरच्या फूलबाजारात पहाटे सुरू होतो. चांगला मोगरा स्वस्तात हवा तर उजाडायच्या आत तिथे असावं लागतं. दुपारपर्यंत ओवायचं, संध्याकाळी विकायचं, कारण रात्री उरलेलं फूल सकाळी कचरा असतं. एका गजरेवाल्या कुटुंबाला मी एकदा खूप खटपट करून दूरच्या उपनगरात भाड्याची खोली मिळवून दिली होती. चार भिंती, नळ, दाराला कडी. त्या घरच्या आजी दाराची कडी लावून-काढून बघत होत्या, इतका आनंद. दोन महिन्यांत ते सगळे परत दादरला. पहिली लोकल धरूनही बाजारात पोचायला उशीर व्हायचा, मग महाग माल घ्यावा लागायचा. रात्री शेवटचा गजरा विकून घरी पोचेपर्यंत बारा वाजायचे, लहान पोरं स्टेशनवरच झोपायची. प्रवासाचं भाडं आणि खोलीचं भाडं मिळून धंद्याचा नफा खाऊन टाकायचं. मी त्यांना घर दिलं आणि त्यांचं काम काढून घेतलं होतं, हे कळायला मला ते परत यावे लागले.

ही गोष्ट नवी नाही. १९८१ च्या जुलैमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांना उठवून त्यांच्या मूळ गावी पाठवायचं ठरवलं. तामिळनाडूतल्या सालेमचा एक भूमिहीन मजूर होता, १९६१ मध्ये कामासाठी मुंबईत आलेला. त्याला कुटुंबासकट बसमध्ये घालून सालेमला पाठवलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या आणि तो कामासाठी परत मुंबईला आला, पुन्हा फुटपाथवर. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्याबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जदारांपैकी तो एक. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. माणूस फुटपाथवर राहतो कारण त्याचं काम तिथे जवळ आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरच्या वाक्याचं उत्तर त्या निकालात आहे.

पण त्याच निकालाचा दुसरा भाग लोक विसरतात आणि माझ्या कामात तोच जास्त महत्त्वाचा ठरला. फुटपाथ अडवून राहण्याचा हक्क कुणालाही नाही, असंही न्यायालय म्हणालं. पर्यायी जागा द्यायची ती १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली आणि ज्यांच्याकडे ओळखपत्र आहे त्यांना. बाकीच्यांना मिळाली ती पावसाळा संपेपर्यंतची मुदत, ३१ ऑक्टोबर १९८५. एकाच फुटपाथवर शेजारी-शेजारी राहिलेल्या दोन कुटुंबांत एकाकडे कार्ड होतं आणि दुसऱ्याकडे नव्हतं, एवढाच फरक. पुढे झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, नंतर पैसे भरून घर घेणाऱ्यांसाठी १ जानेवारी २०११, अशा तारखा आल्या. दर वेळी सरकारने एकच विचारलं: त्या दिवशी तू इथे होतास, याचा कागद दाखव.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. त्या कुटुंबाला हलवायचं नंतर बघा. आधी ते तिथे आहेत याची नोंद होऊ द्या. तुम्ही सहा वर्षं रोज गॅलरीतून त्यांना पाहिलंत. शहरात त्यांच्या असण्याचा दुसरा साक्षीदार बहुधा कुणी नाही. संस्थेची माणसं, म्हणजे माझ्यासारखी, आठवड्यातून एकदा येतात. तुम्ही रोज आहात. ब्लँकेटपेक्षा त्यांना याचा उपयोग फार जास्त आहे.

सुरुवात सासूबाईंपासून करा. सून आणि मुलगा सहा वर्षं या पुलाखाली असतील, पण म्हातारी कदाचित १९७२ च्या दुष्काळात सोलापूर किंवा मराठवाड्याकडून आई-बापाबरोबर आलेली असेल आणि तेव्हापासून दादर, माटुंगा, माहीम असंच कुठे कुठे राहिलेली असेल. अशा बायांच्या गाठोड्यात कधी कधी एखादी जुनी मतदारयादीची चिठ्ठी, रेशन कार्डाचं फाटकं पान, महापालिकेच्या दवाखान्याचा केसपेपर सापडतो. मी एकदा असा कागद पत्र्याच्या डब्यात शेवयांच्या खाली पाहिलाय. जुना कागद म्हणजे घर असं मुळीच नाही. पुनर्वसनासाठी तो ज्या झोपडीचा, ती झोपडी सर्वेक्षणाच्या वेळी उभी असावी लागते आणि फुटपाथवरच्या झोपड्या वारंवार तुटतात. तरी कागद आहे का ते आधी विचारा, त्याचा फोटो काढा, दोन झेरॉक्स करा, एक स्वतःकडे ठेवा. महापालिकेची अतिक्रमण हटवणारी गाडी येते तेव्हा भांड्यांबरोबर कागदही जातात. पातेलं पुन्हा घेता येतं.

हे कुटुंब एखाद्या भटक्या-विमुक्त समाजातलं असेल, तर आणखी एक अडचण कायम येते. भटक्या-विमुक्तांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा महाराष्ट्रातला रहिवास दाखवावा लागतो. ज्यांच्या आजोबाला गावाच्या शिवेबाहेर पाल टाकून राहावं लागलं, १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि ज्यांच्यावरचा तो शिक्का कागदोपत्री १९५२ मध्ये निघाला, त्यांनी १९६१ चा रहिवास कुठून आणायचा? शाळेचा दाखला नाही, जमिनीचा उतारा नाही. यासाठी मूळ तालुक्याला कुणीतरी जावं लागतं. ते तुमच्याकडून होणार नाही, संस्थेकडून करून घ्या. पण मूळ गाव आणि तालुका कोणता, हे आजींना आठवतंय तोवर लिहून ठेवा. हे वाक्य मी उगाच लिहीत नाहीये. आजी गेल्यावर गावाचं नावही गेलं, अशी तीन घरं मला माहीत आहेत.

आता आधार. पत्त्याचा कागद नसला की आधार होत नाही, असा समज आहे. ठरावीक नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर राजपत्रित अधिकारी किंवा आमदार-खासदार यांची सही-शिक्का असेल तर चालतं. निवारा केंद्राच्या प्रमुखाचं प्रमाणपत्रही चालतं. नमुना मधूनमधून बदलतो, म्हणून त्या वेळचा ताजा नमुना केंद्रावरूनच घ्या. जुन्या फॉर्मवर सही आणली की अख्खी फेरी फुकट जाते आणि गजरेवाल्या बाईचा अर्धा दिवस म्हणजे त्या दिवसाची कमाई.

रेशनच्या बाबतीत आधी विचारा की गावच्या कार्डावर नाव आहे का. असेल तर ते कापायच्या भरीस पडू नका. एक देश एक रेशन कार्ड झाल्यापासून गावच्या कार्डावरचं धान्य मुंबईतल्या दुकानातही अंगठा लावून घेता येतं. इथलं नवं कार्ड काढू म्हणून आधी गावचं नाव कापून घेतलेली आणि दोन्हीकडून गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

मुलीची शाळा कागदांसाठी थांबवू नका. जन्मदाखला नाही या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे, आणि दहा वर्षांच्या मुलीला तिच्या वयाच्या वर्गात बसवून मागचं शिकवायची जबाबदारी शाळेची आहे. जवळच्या महापालिका शाळेत तुम्ही स्वतः तिच्या आईबरोबर जा. आई एकटी गेली की दारातूनच "उद्या या" होतं. तुम्ही बरोबर असलात की खुर्ची मिळते. हे वाईट आहे, पण आज तरी असंच चालतं. दाखलाही मागे लावून घ्या. मुलं महापालिकेच्या रुग्णालयात जन्मली असतील तर नोंद बहुधा झालेली असते, फक्त नाव घालायचं राहिलेलं असतं. नोंदच नसेल आणि वर्ष उलटलेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. वेळ जातो, पण होतं. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, त्यामुळे धाकटं पोर तेवढं लहान असेल तर त्याचं आधी करा.

बँकेचं खातं मला फार मोलाचं वाटतं. फुटपाथवर पैसे साठत नाहीत, याचं कारण उधळपट्टी नाही. ठेवायला जागा नसते. कागदपत्रं नसतानाही बँकेत अधिकाऱ्यासमोर फोटोवर सही किंवा अंगठा देऊन छोटं खातं उघडता येतं. त्यात ५० हजारांपर्यंत शिल्लक चालते, वर्षाला एक लाखापर्यंत जमा, आणि कागदपत्रं करायला वर्षाची मुदत मिळते. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसेल तर शाखा व्यवस्थापकाला भेटा. खोलीच्या भाड्यापेक्षा डिपॉझिटच्या रकमेने या लोकांना जास्त अडवलेलं आहे. रोजची कमाई असते, भाडं कसंबसं निघतं, पण एकरकमी पैसे कधीच हातात नसतात. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी ऐंशीच्या दशकात स्पार्क या संस्थेबरोबर काम सुरू केलं, तेव्हा १९८५ मध्ये आधी स्वतःची मोजणी केली आणि मग महिला मिलन म्हणून थोडी थोडी बचत. त्यांच्यातल्या अनेक कुटुंबांना पुढे मानखुर्दला पक्की घरं मिळाली. वर्षानुवर्षं लागली, पण सुरुवात मोजणी आणि बचत या दोन गोष्टींनी झाली. मी हे काम त्यांच्याकडे बघतच शिकले.

एक गोष्ट मात्र करू नका, आणि सोसायटीतल्या कुणालाही करू देऊ नका. "भीक मागतात" अशी तक्रार करून पोलिसांना बोलावू नका. महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. त्यात भीक मागण्याची व्याख्या इतकी सैल आहे की सिग्नलला वस्तू विकायला पुढे करणारा, रस्त्यावर गाणारा, किंवा नुसता उघड्यावर राहणारा आणि पोटापाण्याचं साधन डोळ्यांना न दिसणारा माणूसही त्यात बसतो. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथे या कायद्याची मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली, इथे ती अजून लागू आहेत. तुमच्या एका फोनने बाप एकीकडे आणि आजी दुसरीकडे जाईल.

बाकीच्या परिस्थितींबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या प्रश्नाखाली अनेकांनी विचारलंय. एकटं मूल दिसलं तर १०९८ ला फोन करा, स्वतः घरी नेऊ नका. टाकून दिलेली म्हातारी माणसं असतील तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. मानसिक आजारी माणूस रस्त्यावर फिरत असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला ताब्यात नव्हे, संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेणं हे पोलिसांचं काम आहे, आणि तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणंही. पोलीस ठाण्यात हे नम्रपणे पण कायद्याचं नाव घेऊन सांगा. अशी माणसं बरी होऊन घरी जातात. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांनी श्रद्धा संस्थेत हेच केलं आणि त्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तुमच्या कुटुंबाकडे परत येते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत रोजच्या जगण्यासाठी तीन गोष्टी सोसायटीकडून मागून बघा: सकाळी बागेच्या नळाचं दोन हंडे पाणी, जोराच्या पावसात गाठोडं ठेवायला जिन्याखाली कोपरा, आणि मोठ्या मुलीला व तिच्या आईला वॉचमनचं संडास. शेवटचं मागताना संकोचू नका. फुटपाथवरच्या बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, कारण रात्री अंधारात जायची भीती असते. दहा वर्षांची मुलगी लवकरच वयात येईल. रात्री ते कसे झोपतात ते कधी पाहिलंत का? पुरुष रस्त्याच्या बाजूला, आजी भिंतीच्या बाजूला आणि मुली मध्ये.

आणि मतदारयादी. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण इथे तुमच्याशिवाय काम अडतं. बेघर माणसाला मतदार म्हणून नाव नोंदवायला पत्त्याचा कागद लागत नाही. नमुना ६ भरायचा, पत्ता म्हणून झोपायची जागा लिहायची, अमुक पुलाखाली, अमुक खांबाजवळ. मग बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, रात्री तिथे येऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघतो. एक रात्र नाही, एकाहून जास्त रात्री. नवरा, बायको, आजी, तिघांचे फॉर्म भरा. सरकारने त्यांना इथे पाहिल्याची ती पहिली नोंद असेल.

पण रात्री अकराला कुणी टॉर्च मारून उठवलं की फुटपाथवरची माणसं गाडी आली समजून गाठोडं उचलतात आणि पळतात. बीएलओला जागा रिकामी दिसते आणि तो तसंच लिहून जातो. माझ्या हातचे कितीतरी फॉर्म असे गेले. म्हणून बीएलओचा फोन नंबर घ्या, तो कोणत्या रात्री येणार ते विचारा, आजींना संध्याकाळीच सांगून ठेवा, आणि त्या रात्री तुम्ही खाली उतरून त्यांच्याजवळ उभे राहा.